मागच्या जागेचे सरपंच

आमच्या सोसायटीत कोंडवाड्यात गेलेली पहिली स्कूटर केळकरांची. गावात मोकाट गुरं पकडून कोंडतात, तो कोंडवाडा. आमचा मुलुंडचा कोंडवाडा म्हणजे पंपाच्या खोलीची बाहेरची भिंत. तिथे ती निळी स्कूटर गुराच्या साखळीनं करकचून बांधलेली आणि पुढ्यात स्टूल टाकून आबा परब बसलेले. केळकर सफारी घालून ऑफिसला निघाले होते. आबांनी त्यांना सरकारी मराठीत सुनावलं की सदरहू वाहन इमारतीमागील गायरानात विनापरवाना चरताना आढळून आलं आहे, सबब दंड एक घमेलं शेण.

केळकर आधी हसले, मग ओरडले आणि शेवटी घड्याळाकडे बघून तबेल्याच्या दिशेनं चालू लागले. परत आले ते घमेलं अंगापासून हातभर लांब धरून, नाक वर करून. मी गॅलरीतून बघत होते. खोटं कशाला बोलू, माझं दूध उतू गेलं त्या नादात.

आबा हे तिसऱ्या मजल्यावरच्या विलास परबचे वडील. कणकवलीकडच्या एका खेड्याचे बरीच वर्षं सरपंच होते. बायको गेल्यावर विलासनं गावचं घर बंद केलं आणि त्यांना मुलुंडला आणलं. माणूस आला, पण सरपंचकी काही त्यानं गावी ठेवली नाही. परबांच्या घरात भाजीसुद्धा ठरावाशिवाय शिजत नसे. सुनेनं पडवळ म्हटलं की आबा लगेच विचारणार, "सूचक तू. अनुमोदक कोण?" अनुमोदक विलास तर भांडुपच्या कंपनीत. तो संध्याकाळी घरी येईपर्यंत पडवळ तहकूब. मंगल बिचारी वाटी घेऊन माझ्या दारात यायची आणि म्हणायची, "वहिनी, आमच्याकडे आज कोरम नाही. थोडी आमटी असली तर द्या ना."

इमारतीच्या मागे आणि कंपाउंडच्या भिंतीपुढे एक पट्टा होता. बिल्डरनं जाताना आपली सगळी घाण तिथे टाकलेली. फुटक्या फरश्या, विटांचे तुकडे, चुना, गंजलेले खिळे. आम्ही तिकडे ढुंकूनही बघत नव्हतो. आबा आले आणि त्याच आठवड्यात तिथे उकिडवे बसले, ते बसलेच. रोज सकाळी घमेलं घेऊन खडे वेचायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, "जमीन आजारी आसा." डॉक्टर मिळाला म्हणायचं आणि आपण ऑफिसला जायचं, असं चाललं होतं.

मग जमिनीला औषध हवं, म्हणून आबांनी सगळ्यांच्या घरचा ओला कचरा गोळा करायला सुरुवात केली. आणि तिथे सोसायटीचं डोकं फिरलं. कारण आबा नुसता कचरा नेत नसत, तो वाचत. जिन्यातच बादलीत हात घालून जाहीर करायचे, पहिल्या मजल्यावर तीन दिवस नुसतो बटाटो, पोरांका काय भाजीपालो देतास की नाय? कोणाकडे पाहुणे आले, कोणाचं नासलं, कोणाच्या घरी नवरा-बायकोचं भांडण होऊन अख्खा भात टाकला गेला, सगळं आबांना ठाऊक. कळस झाला तो वार्षिक सभेत. आबांनी उभं राहून खतासाठी कोलंबीची सालं नियमित दिल्याबद्दल श्री. केळकर यांचे जाहीर आभार मानले. केळकरांच्या आई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या, जपमाळ घेऊन. त्या दिवसापासून केळकर आबांचे हाडवैरी झाले.

दोन पावसाळ्यांनी मात्र त्या पट्ट्यात चवळी वर आली, भेंडी आली आणि एका कोपऱ्यात नाचणी. पीक म्हणाल तर थट्टाच होती. सगळी नाचणी दळून एक भाकरी झाली. आबांनी ती ताटलीत घालून सोळा घरांत फिरवली, प्रत्येकी एक तुकडा, ठरावाप्रमाणे. आमचे हे तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "खडा लागला." मी म्हटलं, बिल्डरचा असेल. पण माती, काय सांगू, खरंच काळी झाली होती. पाय ठेवला की दबायची.

अशात आमच्या ह्यांचा स्कूटरचा नंबर लागला. त्या काळात माणूस स्कूटर बुक करायचा आणि विसरून जायचा. नंबर लागेपर्यंत पोरं कॉलेजात जायची. हे सोसायटीचे सेक्रेटरी, त्यामुळे लगोलग प्रश्न निघाला की गाडी ठेवायची कुठे? केळकर त्याच संध्याकाळी चहाला आले. मागे सिमेंट ओतून टाकू म्हणाले, झकास पार्किंग होईल, चिखल नको, डास नको आणि ती बादलीपण नको. बादली म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. स्कूटर मलाही हवी होती हो. मागे बसून ठाण्याला तलावपाळीवर जायचं, हे माझं तेव्हाचं सगळ्यात मोठं स्वप्न.

सभेची नोटीस लागली आणि आबांनी डालड्याचा डबा बडवत कंपाउंडमध्ये दवंडी दिली. मग दारोदार फिरले. माती सिमेंटखाली गेली की मरते, परत जिवंत होत नाही, एवढंच सांगत होते. सगळ्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि "बघू" म्हटलं. आमच्याकडे नाही म्हणायला "बघू" म्हणतात, हे आबांना माहीत नव्हतं. केळकरांच्या हॉलमध्ये तर भिंतभर हिरव्यागार डोंगराचा वॉलपेपर होता. त्याच्यासमोर सोफ्यावर बसून त्यांनी आबांना समजावलं की शहरात निसर्गाला मर्यादा असतात.

मंगल मला जिन्यात म्हणाली, "वहिनी, तेवढी जागा गेली तर मामंजी दिवसभर करणार काय? वर आले की नुसते खुर्चीत बसून दाराकडे बघतात." मी म्हटलं, बघू.

सभा आमच्याच हॉलमध्ये भरली. मी स्वयंपाकघरात सोळा कप चहाच्या खटपटीत होते. केळकर सूचक, तळमजल्यावरचे शहा अनुमोदक. ह्यांनी विचारलं, ठरावाच्या बाजूनं कोण? मी ट्रे घेऊन दारात आले तेव्हा सगळे हात वर होते. विलासचाही. कानापर्यंतच होता, खाजवतोय असं वाटावं इतका, पण होता. आबांचा प्रश्नच नव्हता. फ्लॅट विलासच्या नावावर, आबा सभासदच नव्हते.

हे पेनचं टोपण काढून म्हणाले, "चला, सर्वानुमते मंजूर."

आबा उठले. मला वाटलं, आता सरकारी मराठीत भाषण. चिडले की सदरहू आणि सबब सुरू व्हायचं त्यांचं. पण ते गावच्या बोलीत आणि अगदी हळू बोलायला लागले.

"सेक्रेटरी, तेवढा सर्वानुमते लिवा नको. मी एकदा लिवलंय."

मग त्यांनी सांगितलं. गावच्या सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, चिऱ्याच्या दगडाची खाण काढायची होती. खाणवाला पंचायतीला शाळेची इमारत बांधून देणार होता. ठरावाचे सूचक स्वतः आबा. सगळ्या गावानं हात वर केला. त्यांची बायको सभेला चहा घेऊन आली होती, ती किटली हातात घेऊन दारातच उभी राहिली आणि नको म्हणाली. खाणीची माती पावसात खाली मळ्यात येईल, मळे बुजतील, म्हणाली. लोक हसले. सरपंचाच्या बायकोचं काय मनावर घ्यायचं? आबांनी ग्रामसेवकाला सांगितलं, लिव, सर्वानुमते.

"शाळा झाली," आबा म्हणाले. "मळे गेले. पयलो मळो आमचोच. ती रोज बांधार जावन बसायची, वायच वायच चिखल हातान काढायची. माका एक शब्द बोलाक नाय कधी. शिवी घातली असती तर बरा वाटला असता."

केळकर चष्मा पुसायला लागले. विलास जमिनीकडे बघत होता. आमचे हे घसा खाकरून म्हणाले, "आबा, तुमचं दुःख कळतं, पण तुम्ही सभासद नाही. विरोध कोणाचा लिहू? विरोध कोणी केलेलाच नाही."

का कोण जाणे, मला मेला इतका संताप आला. ट्रे तसाच टेबलावर आपटला, दोन कप सांडले.

"माझा लिहा," मी म्हटलं.

हे म्हणाले, अगं, तू कुठे सभासद आहेस? आणि स्कूटर आपलीच येतेय ना? मी म्हटलं, स्कूटर येऊ दे, सिमेंटही घाला, बहुमत तुमचं आहे, पण मी नको म्हटलंय ते लिहा.

सिमेंट पुढच्याच महिन्यात पडलं. एका घरानं विरोध केल्यानं का कुठे काय थांबतं? पण त्या संध्याकाळी ह्यांनी मुकाट्यानं पेन उचललं. लिहायला लागले तसे आबा म्हणाले, नाव घालून लिवा, नुसतो "एक विरोध" नको. ह्यांनी माझं नाव लिहिलं, पूर्ण. मग, काय मनात आलं त्यांच्या देव जाणे, पेन तसंच धरून आबांना विचारलं, "विलासच्या आईंचं नाव काय होतं?"

आबांचा हात टोपीकडे गेला. त्यांच्या पिढीतला पुरुष, जन्मात बायकोचं नाव घेतलं नसेल. आम्हीही सगळी वर्षं "ती" आणि "विलासची आवस" एवढंच ऐकलेलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"पार्वती," ते म्हणाले. पण अगदी हळू. मागे बसलेल्यांना ऐकू गेलं नाही. तेव्हा ते ताठ उभे राहिले आणि सगळ्या सभेला ऐकू जाईल असं त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.