बसंतीबाईची सीडीपूजा

बियाण्यातलं बसंतीबाईला कळत नाही, असं म्हणायची छाती तांड्यात कुणाचीच नव्हती. पिशवी हातात घेऊन नुसती हलवली तरी ती सांगायची, हे काळ्या रानात पेरा, हे हलक्या बरड्यावर टाका, आणि हे दुकानदाराच्या तोंडावर मारा! त्यामुळे तिच्या पोरानं, देवीलालनं दारव्ह्याला इंटरनेटचं दुकान काढायचं ठरवलं, तेव्हा तिथलं बियाणंही आपणच निवडणार, हे तिनं धरूनच ठेवलं होतं.

दुकानाची खोली होती तिच्या चुलत दिराची, तांड्याचे नायक, म्हणजे प्रमुख, बाबूसिंग यांची. त्यांची अट सरळ होती.

"पहिल्याच दिवशी मले त्या डब्ब्यात आजचा कापसाचा भाव दिसला पाह्यजे. दिसला तर खोली तुमची. नाही तर मी तिथं खताचं दुकान टाकतो, अन् देवीलाल पोते उचलन!"

"भाव काय, भाव पाडणाऱ्याचं थोबाडबी दाखवतो!" बसंतीबाई बोलून बसली.

दुकान उघडायच्या आदल्या दिवशी ती तिथं पोचली, तर देवीलाल आणि त्याचा भागीदार जमीर कोंबड्यांसारखे झुंजत होते. समोर जुनेपाने तीन कॉम्प्युटर आणि ते चालवणाऱ्या तीन वेगवेगळ्या प्रणालींच्या तीन सीड्या.

"तिन्हीवर उबुंटूच टाक ना! सोपं आहे," जमीर म्हणाला.

"अन् इंटरनेटच्या दारातून चोरटे घुसले तर? दारावर ओपनबीएसडी पाह्यजे. कागदपत्रांच्या मशीनवर डेबियन."

"थांबा!" बसंतीबाई मधात पडली. "केवढ्याले आणलं हे?"

"फुकट आहे, याडी," देवीलाल आईला म्हणाला. "जगभरचे लोक मिळून बनवतेत. कोणीबी घ्यावं, कोणीबी वाटावं."

"फुकट? अरे, पैसे मोजून आणलेलं बियाणं दोन साल उगवलं नाही, अन् हे फुकटचं उगवन? एकेकाचा स्वभाव सांगा मले!"

दोघंही मुकाट्यानं सांगू लागले. उबुंटू हसतमुख, चित्रं दाखवणारा, कुणी चुकलं तरी सांभाळून घेणारा.

"हा गिऱ्हाइकापाशी."

डेबियन सुस्त. नवीन काही लवकर घेत नाही, पण एकदा चालू लागला की वर्षानुवर्षं थांबत नाही.

"तुह्या बापासारखा! मागच्या कोपऱ्यात ठेवा."

ओपनबीएसडी कुणावर विश्वास ठेवत नाही, विचारपूस केल्याशिवाय आत घेत नाही, आणि नटणं-मुरडणं तर नाहीच.

"माह्यी सासू! दारातच बसवा तिले!"

"काकी, बरोब्बर!" जमीरचा जबडाच खाली आला. "हे आमाले कॉम्प्युटरच्या क्लासातबी कोणी असं समजावलं नाही!"

इथंच ती थांबली असती तर! पण पोरं चहाला गेली, आणि तिला आठवलं, पूजा झाल्याशिवाय आपल्याकडे बियाण्याची पिशवी फुटत नाही. तिनं सोबतच्या पिशवीतून तेल काढलं, त्यात हळदकुंकू कालवलं आणि उबुंटू-डेबियनच्या चकचकीत बाजूवर असं थापलं की बोहल्यावरचा नवरदेवही लाजावा. वरून तांदूळ चिकटवले. तिसऱ्या सीडीला तिनं हात लावला नाही. सासूला कुंकू लावायची हौस तिला सासू जिवंत असतानाही नव्हती.

पोरं परतली आणि देवीलालनं बोंब ठोकली.

"याडी! हे काय करून ठेवलं?"

"बीजपूजा! काहून बोंबलतं?"

त्यानं घाईघाईनं सदऱ्यानं सीड्या पुसल्या, तर तांदळांनी त्यांच्यावर वखर फिरवावा तसे ओरखडे काढले. मशीननं सीडी तोंडात घेतली, म्हाताऱ्या बैलासारखी रवंथ केली आणि थुंकून टाकली. दोन्ही गेल्या! फोनच्या लायनीवरून नव्यानं उतरवाव्या तर होळी आली असती.

"आता?" जमीर रडकुंडीला आला.

"आता सासूच तिन्ही मशीनवर!" देवीलालनं कपाळ बडवलं.

सकाळी अर्धा तांडा दुकानात. बाबूसिंग फेटा सावरत खुर्चीत बसले. समोर काळाकुट्ट पडदा आणि त्यावर मुंग्यांसारखी पांढरी अक्षरं.

"बंद आहे काय हे?"

"सुरू आहे, काका."

"मंग चित्र कुठी आहे?"

"भाव पाहाले आले का पोरगी पाहाले?" बसंतीबाई फणकारली. आतून मात्र तिला खताच्या पोत्यांचा वास येऊ लागला होता!

जमीरनं काहीतरी टाइप केलं. फोनची लायन कुईकुई करत होती. आणि काय सांगावं! पानावर नुसती अक्षरं, चित्रांचं ओझं नाही, त्यामुळे बाजारभावाचं पान झटक्यात समोर!

"पाहा!" बसंतीबाई कोंबड्यासारखी फुलली. "चित्रवालं टाकलं असतं तर संध्याकाळ झाली असती. म्हणून मीच हे निवडलं!"

देवीलालनं आईकडे डोळे वटारले. मग वाकून मोठ्यानं भाव वाचला.

कालच्यापेक्षाही खाली!

"पुन्हा वाच," बाबूसिंग म्हणाले.

त्यानं पुन्हा वाचला. भाव तेवढाच.

नायकांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. "दिसला बापा. खोली तुमची," ते म्हणाले. "पण बसंती, हे पुस आता. मघा नुसतं काळं दिसत होतं, तेच बरं होतं!"