डावऱ्याचा विजय, आगाऊ ध्वनिमुद्रित

मनोरंजनाच्या क्षेत्रात अनिश्चितता ही सर्वांत महागडी वस्तू आहे, आणि म्हणूनच शहाणे लोक ती पहिल्या तीन भागांत वापरून संपवतात. पुढे मालिका चालते ती प्रेक्षकाच्या खात्रीवर. खात्री स्वस्त पडते, टिकाऊ असते आणि कितीही वेळा धुतली तरी आटत नाही.

संवादलेखकाला हे तत्त्व कुणी शिकवलं नव्हतं. बाहेरच्या कार्टून मालिका आपल्या भाषेत आणणाऱ्या एका डबिंग स्टुडिओत तो कामाला होता. पडद्यावरच्या पात्राचं तोंड जितका वेळ उघडं, तितक्याच लांबीचं वाक्य त्यात बसवायचं, हा त्याचा धंदा. (वाक्य संपून तोंड उघडं राहिलं तर पात्र माशासारखं दिसतं. तोंड मिटून वाक्य चालू राहिलं तर प्रेक्षक टीव्ही दुरुस्त करणाऱ्याला बोलावतात.) अशा या माणसाकडे टेबल टेनिसवरची एक जपानी ॲनिमे मालिका आली आणि पहिल्या तीन भागांतच त्याचा जीव तिच्यात अडकला.

मालिकेचा नायक सोळा वर्षांचा डावखुरा मुलगा. स्टुडिओत सगळे त्याला डावऱ्या म्हणत. पहिल्या भागात डावऱ्या एकही पॉइंट न मिळवता हरतो, घरी येतो, आई विचारते, "कसा झाला सामना?" आणि तो म्हणतो, "जेवायला काय आहे?" दुसऱ्या भागात त्याच्याशी कुणी खेळायला तयार नसतं म्हणून तो कपाटाच्या दारावर चेंडू मारत बसतो. तिसऱ्या भागात तो एक पॉइंट जिंकतो, एकच, आणि समोरच्याच्या ते लक्षातही येत नाही. संवादलेखकाने हे तीन भाग लिहिताना दोनदा चहा गार केला आणि एकदा चक्क डोळे पुसले.

डावऱ्याचा आवाज मावशींचा होता. डबिंगमध्ये पोरांचे आवाज बायकाच काढतात, कारण खऱ्या पोराचा आवाज मालिका संपायच्या आत फुटतो. मावशी पन्नाशी ओलांडलेल्या. जन्मभर त्यांनी खारी, बाळं, पऱ्या आणि एकदा बोलणारा टूथब्रश असे आवाज काढले होते. "जेवायला काय आहे?" हे वाक्य त्यांनी असं म्हटलं, की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट उठून घरी फोन करून आला.

चौथ्या भागात मालिकेला यश सापडलं, आणि तिने ते परत जाऊ दिलं नाही. तेव्हापासून प्रत्येक सामन्याची कार्यपद्धती पुढीलप्रमाणे ठरून गेली. डावऱ्या हरत आणला जातो. त्याच्या हनुवटीवरून घामाचा थेंब सुटतो, आणि तो जमिनीवर पडेपर्यंत डावऱ्याचं संपूर्ण बालपण पडद्यावर दाखवून आटोपतं. प्रेक्षकांत बसलेला एक जाणकार (त्याला कामधंदा काय, हे कधीच कळलं नाही) उभा राहून ओरडतो, "हा फटका? पण तो तर अशक्य आहे!" मग तो फटका बसतो. हरलेला प्रतिस्पर्धी आपल्या आजोबांची गोष्ट सांगतो आणि डावऱ्याचा जिवलग मित्र होतो. चाळीस भागांत डावऱ्याला इतके जिवलग मित्र झाले, की सराव करायला परका माणूस मिळेना.

संवादलेखकाची बायको आतल्या खोलीत इस्त्री करता करता नुसतं संगीत ऐकून निकाल सांगायची.

"आता थेंब पडला का रे?"

"पडतोय."

"मग जाणकाराला उठव आणि पानं घे. भूक लागली मला."

स्टुडिओचे व्यवस्थापक दूरदृष्टीचे होते. जे पुन:पुन्हा बोललं जातं ते पुन:पुन्हा रेकॉर्ड कशाला करायचं, असा प्रश्न त्यांना पडला आणि त्यातून आवाज बचत योजना जन्माला आली. "अजून संपलेलं नाही!" हे डावऱ्याचं वाक्य चार प्रतींत मुद्रित करून ठेवण्यात आलं: सौम्य, मध्यम, तीव्र आणि जखमी. जाणकाराचं "अशक्य" एकाच प्रतीत भागलं. योजनेचा फायदा असा झाला, की पूर्वी एका भागाला आठवडा लागे, तो आता जेवणाच्या सुट्टीआधी उरकू लागला. तोटा काहीच झाला नाही. फक्त मावशींना बोलावणं बंद झालं.

"हल्ली माझा आवाज कामाला जातो," त्या शेजारणीला सांगत, "मी घरी असते."

योजनेचा दुसरा टप्पा याहून धाडसी होता. चित्र येण्याची वाट कशाला बघायची? संवादलेखकाने भाग न पाहताच लिहायला सुरुवात केली, आणि सलग सहा भाग चपखल बसले. (एका भागात प्रतिस्पर्धी भर सामन्यात शिंकला. ती शिंक प्रतिज्ञा म्हणून खपवण्यात आली.) लेखकाचंही मन आता त्यात नव्हतं. तो पाट्या टाकत होता, पण पाट्या सरळ पडत होत्या, त्यामुळे तक्रार कुणाचीच नव्हती. याच जोरावर अंतिम भागाचं ध्वनिमुद्रण, साठवणीतल्या जयघोष-आनंदाश्रूंसह, तो भाग येण्याच्या पंधरवडाभर आधी पूर्ण झालं आणि डावऱ्याच्या विजयाची जाहिरातही सुरू झाली.

मग अंतिम भाग आला.

व्यवस्थापक, रेकॉर्डिस्ट आणि संवादलेखक असे तिघे तो बघायला बसले. डावऱ्या हरत आला. थेंब सुटला. थेंब पडला. बालपण आलंच नाही. जाणकार उठला, पण तो बाहेर जायला. शेवटचा चेंडू जाळीच्या काठावर क्षणभर नाचला आणि डावऱ्याच्याच बाजूला पडला. सामना संपला.

"फाइल खराब आहे," व्यवस्थापक म्हणाले.

मूळ निर्मात्यांना विचारण्यात आलं. त्यांचं उत्तर लगेच आलं: फाइल ठीक आहे, नायक हरतो, आम्हालाही कंटाळा आला होता.

हरल्यानंतरचं दृश्य संवादलेखकाने एकट्याने चार वेळा पाहिलं. डावऱ्या बॅट पुसतो. आई गॅलरीतून खाली येते. तो तिला म्हणतो, "मी चांगला खेळलो ना? मग हरलो कसा?" थोड्या वेळाने तोच विचारतो, "आता काय करायचं असतं?" आणि आई त्याची बॅग उचलते. बस्स, एवढंच. संवादलेखकाला पहिल्या तीन भागांतला मुलगा परत भेटला. त्याने मावशींना फोन लावला.

"मावशी, तो हरला."

पलीकडे मावशींनी टीव्ही बंद केला. मग मावशी म्हणाल्या, "अरे, मग ते मला बोलायचंय. आवाजाला नको पाठवू. मी येते."

घरी बायकोने इस्त्री बंद केली. "हरला? खरंच?" ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. "मग या वेळी बघायला पाहिजे बाई."

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकांनी बैठक घेतली. त्यांचा युक्तिवाद बिनतोड होता. प्रेक्षकाला विजय कळवून झालेला आहे. विजयाचा आवाज तयार आहे. उरतं ते फक्त चित्र, आणि चित्राचं काय, ते ज्याला जसं सांगाल तसं दिसतं. डावऱ्या रडतोय, ते आनंदाने. समोरच्याने हात वर केलेत, ते मित्राच्या यशाने भारावून. गुणफलकावर वाहिनीचं बोधचिन्ह जरा मोठं करून बसवायचं. अडचण एकच होती. शेवटच्या दृश्यात डावऱ्याचं तोंड फार वेळ उघडं होतं आणि "आई, आपण जिंकलो!" त्यात आखूड पडत होतं. तेवढं लांबवून म्हणायला मावशींना बोलवावं लागणार होतं.

"चित्रात तो हरलाय, साहेब," संवादलेखक म्हणाला.

"चित्रात हरू दे ना. आपण आवाजवाले आहोत."

मावशी आल्या त्या ठेवणीतली साडी नेसून. रेकॉर्डिंगच्या खोलीत उभ्या राहिल्या, कानांवर हेडफोन चढवले, लिहून दिलेलं वाक्य वाचलं आणि काचेतून व्यवस्थापकांकडे बघितलं.

"साहेब, तुमचं म्हणते. दहा वेळा म्हणते. पण आधी एकदा त्याचं म्हणू द्या."

व्यवस्थापक माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी घड्याळ बघितलं आणि मान हलवली.

दिवा लागला. डावऱ्याने बॅट पुसली. "मी चांगला खेळलो ना?" मावशी म्हणाल्या, आणि त्या आवाजात ना खार होती, ना परी, ना पन्नाशी ओलांडलेली बाई. "मग हरलो कसा?" रेकॉर्डिस्टचा हात बटणावर तसाच राहिला. संवादलेखकाने तोंड फिरवलं. मावशींनी पुढचं वाक्य घाई न करता, मुलाला लाज वाटावी तितपत हळू म्हटलं. "आता काय करायचं असतं?"

व्यवस्थापकांनी चष्मा काढला. काचा पुसल्या. पुन्हा पुसल्या. मग खाकरून म्हणाले, "मावशी, तीस वर्षांत असं ऐकलं नाही."

मावशी काचेपलीकडे उभ्याच होत्या.

"सुंदर," व्यवस्थापक म्हणाले. "आता हे पुसा, आणि आपलं घ्या."

मावशींनी 'आपलं' एका दमात दिलं. त्यात कुठेही खोट काढता येत नव्हती. मग त्यांनी हेडफोन खुंटीला लावले, संवादलेखकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "माझं म्हणून झालं रे. पण बाहेर कुणी ऐकायला हवं होतं."

प्रक्षेपण निर्विघ्न पार पडलं. संवादलेखकाची बायको पहिल्यापासून समोर बसली होती. "आई, आपण जिंकलो!" ऐकल्यावर तिने नवऱ्याकडे बघितलं आणि इस्त्री लावायला आत गेली. प्रेक्षकांची पत्रं पोतंभर आली. मुलगा हरल्यासारखा का दिसतो, असं एकानेही विचारलं नाही. शंभरातल्या नव्वद जणांनी, शेवट आम्ही आधीच ओळखला होता, अशी नाराजी कळवली. उरलेल्या दहांनी पुढची मालिका कधी, असं विचारलं. नव्वदांनीही ता. क. म्हणून तेच विचारलं होतं.

वाचकहो, या लोकांना हसण्याआधी एक किरकोळ बाब नोंदवून ठेवायची आहे. व्यवस्थापकांनी चष्मा काढला, तेव्हा ते विरघळले असं तुम्ही ठरवून टाकलंत. मावशींचा आवाज आता घरोघरी जाणार, संवादलेखकाची बायको रडणार, इथपर्यंत तुम्ही पुढे जाऊनही आला होतात. (चष्म्यावर वाफ धरली होती. खोली लहान होती आणि चहा गरम.) त्यानंतर तुम्हाला थोडं वाईट वाटलं असेल, तर ते मावशींसाठी वाटलं की तुम्हाला हवा होता तो शेवट मिळाला नाही म्हणून, हे तुमचं तुम्ही ठरवा. व्यवस्थापकांना कळवायची गरज नाही. तुमच्यासारख्यांसाठीच त्यांनी मावशींचं ते पुसायला लावलं होतं.