एफ-वन दाबा

कळंबच्या एका सरकारी कचेरीतल्या नीळकंठबाबूंनी घरच्या कॉम्प्युटरमधला घड्याळाचा संपलेला सेल बदलायचा नाही, असं ठरवलं. कॉम्प्युटर सुरू झाला की रोज आधी कुरकुरायचा: घड्याळ चुकलंय, एफ-वन दाबा. बाबू दाबायचे. (तक्रारीचं निवारण कचेरीतही असंच व्हायचं.)

"अहो, मैत्रेयीले बोलवू काय?" पत्नी सुहासिनीबाई म्हणाल्या. मैत्रेयी शेजारी कॉम्प्युटर क्लास चालवायची.

"कायले? तारखेसाठी भिंतीवर कॅलेंडर आहे ना!"

२००६ चं साल. कापूस पार बुडालेला, मुंबईहून पाहणी समिती यायची होती. बाबूंनी घरी अहवाल टाइप केला; तारीख कॉम्प्युटरनं आपणहून घातली, १ जानेवारी २०००. साहेबांनी न वाचता सही ठोकली.

समितीच्या अध्यक्षांनी मात्र तारखेपर्यंत वाचलं. "कापूस बुडणार हे तुम्हाला सहा वर्षं आधीच कळलं होतं?"

साहेबांची छाती फुगली. "दूरदृष्टी, सर!"

"मग सहा वर्षं केलंत काय?"

साहेबांनी बाबूंकडे बोट दाखवलं. संध्याकाळी बाबूंच्या हाती नोटीस: पाच डिसेंबरपर्यंत टाइप केलेला खुलासा द्या, नाहीतर निलंबन.

खुलाशावर तरी तारीख बरोबर पडावी म्हणून पाच तारखेला बाबू स्वतःच घड्याळ लावायला बसले. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीटचं बटण दाबून सेटिंगच्या निळ्या पडद्यात शिरले, आणि वेळ लावता लावता पासवर्ड लावून बाहेर आले. तो काय लावला, हे त्यांनाही आठवेना.

"माझं नाव टाकून पाह्यलं?" सुहासिनीबाईंनी विचारलं.

"पाह्यलं. नाही चाललं."

"मंग कोणाचं टाकलं होतं?"

पुढचे दोन दिवस घरात कोणी कोणाशी बोललं नाही. जेवण मात्र मिळत होतं, थंड. आणखी काही बिघडेल या धास्तीनं बाबूंनी स्विचलाही हात लावला नाही. शेवटी सुहासिनीबाईंनीच मैत्रेयीला बोलावलं.

"भाऊजी, सेल मेलेला होता," ती म्हणाली. "नुसता प्लग काढला असता तरी पासवर्ड पुसला गेला असता. दोन दिवस काय करून राह्यले होते?"

तिनं नवा सेल बसवला, तारीख लावली. बाबूंनी ताबडतोब खुलासा टाइप केला: 'बिघाड घड्याळाचा होता, माझा नव्हे. घड्याळ आता अचूक आहे. पुरावा म्हणून याच पत्रावरची तारीख पाहावी.'

साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा कागद पूर्ण वाचला. वरची तारीख पाहिली, ७ डिसेंबर २००६. मग खाली शेरा मारला: 'घड्याळ अचूक असल्याची खात्री झाली. खुलासा दोन दिवस उशिरा. अमान्य.'