काका, ओरडतो बरं

दिवे लागायच्या वेळेला किसन राठोड आमच्या गल्लीत दारोदार फिरतो. प्रत्येक दारापुढे चप्पल काढतो, मान खाली घालतो आणि लग्नाचं आमंत्रण द्यावं तशा हळू आवाजात सांगतो, "काकू, ओरडतो बरं आता. लेकरू निजलं असन तर उठवून घ्या."

दचकून उठण्यापेक्षा आईच्या हाताने उठलेलं बरं, असा त्याचा विचार. बायका लेकरं उठवून घेतात. कोणी उकळतं दूध चुलीवरून उतरवून ठेवते. मग किसन आपल्या खोलीत जातो, दार लावतो आणि ओरडतो.

हा माणूस माझा शेजारी. दिग्रसला आमची घरं एकाला एक लागून आहेत, मधली भिंत एकच. भिंतीच्या इकडे माझं स्वयंपाकघर, तिकडे त्याची बँड वाजवायची खोली. त्याचं गाणं माझ्याइतकं कोणी ऐकलं नसेल. खरं सांगायचं तर मलाही नीट ऐकू येत नाही. माझा जन्म जिनिंगात गेला. कापसातून सरकी काढणाऱ्या मशीनपाशी उभं राहून डावा कान पुरता गेला, उजवा थोडा उरला. तरी मला त्याचं गाणं कळते, कारण ते कानाचं गाणं नाही. ते पायातून वर चढते. रॅकमधल्या स्टीलच्या ताटल्या थरथरायला लागल्या की मी समजतो, सुरू झालं.

किसनचा धंदा मोटार वायंडिंगचा. शेतातल्या जळालेल्या मोटारी लोक आणून टाकतात, तो त्यात तांब्याची तार भरून देतो. अंगात बारा महिने काळा टी-शर्ट, छातीवर कवटी आणि दोन हाडं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "काहून गा, हे डीपीवरचं धोक्याचं चित्र तुह्या अंगावर कायले?" बाकीच्यांना ते विचारावंसंही वाटत नाही. विजेचं काम करणाऱ्याचा तो सरकारी ड्रेस असेल, असं धरून चालतात. केस कमरेपर्यंत. दुकानात अंबाडा बांधतो, नाहीतर मोटारीत जातात.

तोंडात सदा ज्येष्ठमधाची काडी. बोलणं इतकं हळू की उजव्या कानाशी आल्याशिवाय मला तर काही कळतच नाही, पण चांगल्या कानाची माणसंही पुढे वाकून "आँ?" म्हणतात. आवाज राखून ठेवतो म्हणे. एकदा मुलगी पाहायला गेला. मुलीच्या बापाने विचारलं, मोटारीशिवाय काय करता. किसन म्हणाला, "ओरडतो." चहा झाला, पोहे झाले, लग्न झालं नाही.

त्याचा एक शब्द ठरलेला आहे, वजन. चांगलं-वाईट त्याच्या लेखी काही नाही. चहा पातळ असला की "वजन नाही." पाहुण्याचं भाषण ऐकलं की "वजन नाही." आमच्या गिरजाचं वरण जेवला तेव्हा डोळे मिटून म्हणाला, "याडी, याले वजन आहे." याडी म्हणजे त्यांच्या, बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आई. त्याची स्वतःची याडी तो लहान असतानाच गेली. गिरजाला तो पहिल्या दिवसापासून याडी म्हणत आला आणि मला काका. याडीचा नवरा काका कसा होतो, हे मी विचारलं नाही. तिला त्यात काही अडचण नव्हती.

त्यांच्या बँडचं नाव बोंडअळी. नाव किसननेच ठेवलं. मी म्हटलं, "अरे बावा, कापसाच्या मुलखात हे नाव ठेवून तुले कोण बोलावीन? शेतकरी चप्पल काढन."

"काका, या नावानं माणूस दचकते का नाही?"

"दचकते."

"मंग वजन आहे."

पुसदला कॉलेजात असताना गॅदरिंगला त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. प्राचार्यांना पाच मिनिटं सोसलं, मग त्यांनी मेन स्विच बंद केला. गिटारी गप्प झाल्या. पण सलीमचा ड्रम काही विजेवर चालत नाही. सलीम हा मोहरममध्ये ताशा वाजवणाऱ्या घरातला पोट्टा, हात लागला की थांबत नाही. आणि किसनचा गळाही विजेवर चालत नाही. दोघांनी अंधारात गाणं पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळे त्यांना ओळखायला लागले आणि ग्रंथालयाचं कार्ड तेवढं जप्त झालं.

दुसरा मोठा कार्यक्रम इथंच, बाजाराच्या मैदानात. त्यांनी पोस्टर लावलं, "बोंडअळी, शनिवारी संध्याकाळी, प्रवेश मोफत." मैदान भरलं. अर्ध्या लोकांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि पिशव्यांत किडकी बोंडं. त्यांना वाटलं, कृषीचे साहेब येणार. कोणी काही म्हणायच्या आत एक जण स्टेजवर चढला आणि किसनच्या हातात बोंड दिलं. आता दुसरा कोणी असता तर हसला असता. किसनने बोंड फोडलं, उजेडात धरलं आणि माईकवर सांगितलं की कामगंध सापळे लावा, फरदडीचं जुनं पीक ठेवू नका, वेळेवर पऱ्हाटी उपटा. तांड्यावर त्याच्या बापाचीही पऱ्हाटीच आहे, म्हणजे कापूसच. अर्धा तास शंका घेतल्या. मग म्हणाला, "आता ओरडतो बरं." लोक भिडेपोटी बसून राहिले. असे शांत श्रोते आपल्याला परत मिळाले नाहीत, असं तो अजून सांगतो.

आता गाणं कसं असते ते सांगतो. गिटारीच्या तारा ते मुद्दाम सैल सोडतात, म्हणजे आवाज खाली जातो, विहिरीत गेल्यासारखा. मग एक डबी असते, पायाने दाबायची. चांगला आवाज येत असतो, ही डबी दाबली की तो फाटतो. ही डबी किसनने स्वतः टिफिनच्या डब्यात बसवली आहे. मी विचारलं, "चांगला आवाज फाडता काहून?" तर म्हणे, "काका, कोरा कपडा टोचते. फाटला की अंगाले लागते."

त्यात दोन जाती आहेत. एक ग्रंज, दुसरं मेटल. त्याने मला ओट्यावर बसून समजावलं होतं.

"ग्रंज म्हणजे काका, माणूस खाटेवर पडून राह्यलेला असते अन् तिथूनच बोलते. मेटल म्हणजे तो उठते अन् खाट मोडते."

"मंग एक काहीतरी वाजवा ना बे. दोन्ही कायले?"

"माणूस रोज पडतेबी अन् उठतेबी, काका."

तेव्हा मला हे खूळ वाटलं. गिरजा गेल्यावर कळलं, पण अर्धंच. पडण्यापर्यंतचं.

आणि ओरडणं हे घराण्यातलं आहे, असं त्याचं म्हणणं. त्याचे पणजोबा लदेणीवर जायचे, बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर. तांड्याच्या पुढे चालणाऱ्याची हाक सगळ्यात मागच्या बैलापर्यंत पोचली पाहिजे. तोच गळा वारशाने आला, म्हणतो. बैल विकले गेले, गळा राहिला.

आता भिंतीचं सांगतो.

पहिल्या महिन्यातच गिरजाने खलबत्त्यातला लोखंडी बत्ता घेऊन भिंतीवर हाणला. ठक्. थोडं थांबून, ठक् ठक्. तिकडचं गाणं बंद. किसन धावत आला, चप्पल दारात.

"काय झालं, याडी?"

"माह्या वरणात चुना पडून राह्यला, काय होईन. भिंत पाडता का?"

दुसऱ्या दिवशी त्याने थापी, सिमेंट आणलं आणि दोन्हीकडून भिंत लिंपून दिली. संध्याकाळी पुन्हा गाणं, पुन्हा चुना, पुन्हा ठक्. हे वर्षानुवर्षं चाललं. त्यांचं 'पऱ्हाटी' नावाचं एक गाणं आहे. सुरुवात आजाऱ्यासारखी कण्हत होते, चढत जाते आणि मधे एकदम बंद पडते. तिथं नेमकी हिची ठक्, ठक् ठक्. आणि लगेच तिकडून सगळे मिळून दुप्पट जोराने. मी बाहेर ओट्यावर बसलेला असायचो. आत येऊन म्हणायचो, "ते आयकत नाहीत तं कायले ठोकतं?" ती म्हणायची, "तुम्ही नका शिकवू मले." भिंतीत त्या जागी वाटीएवढा खळगा पडला. तो तिने कधी लिंपू दिला नाही. मला वाटलं, आळस.

पोळ्याच्या आधी गिरजा गेली. दोन दिवस ताप आणि तिसऱ्या दिवशी काही नाही. मी जास्त लिहीत नाही.

किसनने बँड बंद ठेवला. गल्लीत तेरवीपर्यंत कोणी टीव्हीसुद्धा मोठा करत नाही, तशी रीतच आहे. रोज संध्याकाळी दोन भाकरी आणि भाजी आणून ठेवायचा. भाजीला वजन नव्हतं, पण मी बोललो नाही. तेरवी झाली, तसा दारात उभा राहिला.

"काका, ओरडू का आता?"

"ओरड. ती काही उठणार नाही."

त्या दिवसापासून नवीनच सुरू झालं. ताटल्या थरथरायच्या, चढत जायच्या आणि बंद. पुन्हा काही नाही. थोड्या वेळाने तिकडची माणसं चपला घालून निघून जाताना दिसायची. दुसऱ्या दिवशी तेच. एकाच जागी येऊन गाणं मरायचं. मला वाटलं, त्याची डबी बिघडली असेल.

एक दिवस सलीम माझ्या ओट्यावर येऊन बसला. उजव्या कानाकडून बसला, पोट्टा समजदार आहे.

"चाचा, तुम्ही किसनले समजावा. नागपूरले बोलावलं आम्हाले. मोठ्ठं स्टेज आहे. इतक्या वर्षांत जिल्ह्याच्या बाहेर कोणी इचारलं नाही. अन् त्याहीले पऱ्हाटीच पाहिजे. तेच मोबाईलवर चाललं."

"मंग वाजवा."

"तो वाजवूच देत नाही. त्या जागेवर येते अन् गिटार खाली ठेवते. बाकीचे दोघं आता कटाळले. म्हणतात, नागपूर सोडलं तं आम्ही बँडच सोडतो."

"कोणती जागा?"

सलीमने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चेष्टा करून राहिलो.

"चाचीची जागा. तुम्हाले माहीत नाही? तो ठोका गाण्यातलाच आहे. किसननं चाचीसाठी जागा सोडली होती. चाची एक दिवस चुकल्या नाहीत. रेकॉर्डिंगच्या दिवशीबी तुमच्याच घरातून मारला. लोकं मोबाईलवर इचारतात, हे कोणतं वाद्य आहे म्हणून. तो सगळ्याहीले एकच जवाब देते. याडी."

मी विचारलं, "तुह्या ड्रमवर नाही मारता येत?"

"मारला. हातोड्यानं मारला. मोबाईलमधला लावून पाह्यला. तो म्हणते, वजन नाही."

सलीमने चहा घेतला आणि गेला. मी आत जाऊन तो खळगा पाहिला. पहिल्यांदाच नीट पाहिला, म्हटलं तरी चालेल. हात घातला तर गुळगुळीत लागला.

संध्याकाळी किसन आला. चप्पल काढली, मान खाली. "काका, ओरडतो बरं."

"ओरड."

मी ओट्यावर गेलो नाही. खलबत्ता फळीवर होता, त्यातला बत्ता घेतला आणि भिंतीपाशी उभा राहिलो. ऐकू तर काही येईना, म्हणून ताटल्यांवर नजर ठेवली. त्या हलायला लागल्या, हलता हलता एकमेकींवर आपटायला लागल्या आणि एकदम थांबल्या. मी खळग्यात बत्ता हाणला. ठक्. थोडं थांबून, ठक् ठक्.

तिकडून काहीच आलं नाही. मी तसाच उभा. वाटलं, चुकलो.

मग किसन स्वयंपाकघराच्या दारात दिसला. पायात चप्पल तशीच होती, तो काढायचा विसरला. केस मोकळे, डोळे लाल. डोळ्यांत चुना गेला, असं बोटाने दाखवलं. पडतो चुना, दोन्हीकडे पडतो. त्याने माझ्या हातातला बत्ता पाहिला. मग माझ्या उजव्या कानाशी येऊन म्हणाला,

"काका, वजन कमी पडलं."

"म्हातारा माणूस आहो मी. आणखी किती हाणू?"

"याडी दोन्ही हातानं मारे. मी खिडकीतून पाह्यलं होतं. पाय रोवून, दोन्ही हातानं."

इतकी वर्षं संसार केला, मला हे माहीत नव्हतं. मी बाहेर बसलेलो असायचो.

तो परत गेला. सलीमने तिकडून काहीतरी विचारलं असावं, त्याने काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही. गाणं पहिल्यापासून सुरू झालं. मी पाय रोवले, बत्ता दोन्ही हातांनी धरला आणि ताटल्यांकडे पाहत राहिलो. त्या थांबल्या तसा हाणला. तिकडून जे आलं, त्याने रॅकच्या वरच्या फळीवरची एक ताटली खाली पडली, आणि मला ती पडलेली उजव्या कानाने ऐकू आली.

जेवायला बसलो तर वरणात चुना होता. तसंच खाल्लं.