टेबलावरचा पियानो

आमच्या शेजाऱ्यांच्या धाकटीला घरच्या सरावासाठी परवडेल असा डिजिटल पियानो घ्यावा, असा ठराव त्यांच्या जेवणाच्या टेबलावर एकमताने मंजूर झाला. तिथेच घात झाला. शेजारी पडले अभ्यासू. अभ्यासाशिवाय त्यांनी घरात कधी उशीसुद्धा आणली नाही. योग्य उशीचा शोध चालू असल्यामुळे ते लग्नापासून हाताची घडी डोक्याखाली घेऊन झोपतात. खोटं वाटत असेल तर त्यांची मान बघा.

धाकटीच्या पियानोच्या बाईंनी बजावलं होतं, "घरी सराव नसेल, तर वार्षिक कार्यक्रमात स्टेजवर बसवणार नाही हं!"

"बाबा, दुकानात जाऊन वाजवून बघूया ना," धाकटी म्हणाली.

"वाजवून काय कळतं? आधी माहिती काढू."

माहिती निघू लागली. पट्ट्या जड हव्यात, असं एका व्हिडिओत कळलं. जड पट्ट्यांनी बोटं आखडतात, असं दुसऱ्यात कळलं. मामा म्हणाला, "भाऊजी, स्वस्तातला घ्याल तर पस्तावाल." आत्या म्हणाली, "अरे दादा, महागातला घेशील आणि उद्या पोरगी म्हणेल मला पोहायला शिकायचंय, मग? त्यावर बसून पोहणार का ती?" दोन्ही मुद्दे पटल्यामुळे निर्णय लांबणीवर टाकण्यात आला. कसाबसा एक पियानो नक्की झाला, तर त्याच सकाळी त्याचं नवं मॉडेल बाजारात आलं.

"बघितलंत? घाई केली असती तर फसलो असतो!" शेजाऱ्यांनी त्या आनंदात घरादाराला आइस्क्रीम खिलवलं.

मधल्या काळात सराव खोळंबू नये म्हणून तात्पुरती व्यवस्था झाली. जेवणाच्या टेबलाच्या कडेला पट्ट्यांचं चित्र चिकटवलं. तात्पुरत्या व्यवस्थेला मरण नसतं, हे तुम्ही जाणताच. पट्ट्यांवर डाग पडू नयेत म्हणून सगळं घर उभ्यानं जेवू लागलं. धाकटी कागदावर बोटं चालवायची आणि सूर तोंडानं काढायची. लगेच आई ओरडायची, "आवाज करू नकोस गं, बाबा पियानोचे व्हिडिओ ऐकतायत!"

मग धाकटीनं तोंडही मिटलं.

शेजाऱ्यांची कीर्ती मात्र वाढली. पियानो घेऊ पाहणाऱ्यांची रांग जिन्यावर लागू लागली. एकदा खुद्द दुकानदार आला. "साहेब, तुम्हीच सांगा, मी कोणता माल ठेवू?"

"सध्या थांबा," शेजारी म्हणाले.

तो थांबला. आता त्याच्या दुकानात चपला मिळतात.

कार्यक्रमाआधी बाई घरी येऊन गेल्या. टेबलावरून फिरणारी बोटं पाहून थक्क झाल्या. "बोटं तयार आहेत हो! पण पियानो कुठंय?"

"निर्णय अंतिम टप्प्यात आहे," शेजारी गंभीरपणे म्हणाले.

कार्यक्रमाला मीही गेलो होतो. धाकटी खऱ्या पियानोपुढे बसली. पहिली पट्टी दाबली आणि तो वाजला. पोरीनं चटका बसावा तसा हात मागे घेतला. बाबांकडे बघून "सॉरी" म्हणाली. मग बोटं पट्ट्यांच्या केसभर वर धरून तिनं सगळी रचना वाजवली. एक सूर उमटला नाही.

सभागृहात जो तो शेजारच्याला ऐकू येतंय का ते चोरून बघत होता. माझ्या बाजूच्या गृहस्थांनी डोळे मिटून मान डोलावली, तशी मीही डोलावली. शेवटी सगळे उभे राहिले. टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी होतं.

शेजारी टाळ्या वाजवत माझ्याकडे वळले. "आणि मी मूर्खासारखा पियानो घेणार होतो!"

टाळ्यांच्या गदारोळात धाकटी खाली वाकली, एका बोटानं पुन्हा तीच पट्टी हळूच दाबली आणि कान लावून ऐकत राहिली. तिच्याकडे दुसऱ्या कोणाचं लक्ष नव्हतं.

तुम्ही हसताय, हसा. पण खूप दिवसांपासून 'जरा चौकशी करून मग सुरू करू' म्हणून तुम्ही जे बाजूला ठेवलंय, त्याच्यापायी तुमच्या घरात कोण उभ्यानं जेवतंय, तेवढं एकदा बघून घ्या.