सबनीस सरांचा बाक

सबनीस सर नव्या मुलींना पहिला महिनाभर बास्केटबॉलला हात लावू देत नाहीत. ते बाकावर बसायला शिकवतात.

म्हणजे खरोखरच शिकवतात. पाठ ताठ, फोन बॅगेत, नजर कोर्टवर. खेळून कोणी दमून आली की उठून तिला सावलीतली जागा द्यायची. समोरच्या टीममधली एकेक मुलगी वाटून घ्यायची आणि ती काय करते ते बघत राहायचं. कोणी जांभई दिली तर सर शांतपणे म्हणतात, "आपली झोप राहिली असेल तर वर्गात जा. तिथे चालतं."

ते सगळ्या मुलींना 'आपण' म्हणतात. मी वाशिमकडच्या एका गावातून आलेली, घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिलीच. मला आधी वाटलं, केवढा हा मान. मग कळलं, सर जितके चिडतात तितके नम्र होतात.

ॲडमिशनच्या रांगेत त्यांनी मला हेरलं. माझी उंची जरा जास्तच आहे. गावात तिचा मला त्रासच व्हायचा.

"आपण या उंचीचं काय करता?" सरांनी विचारलं.

मी खरं तेच सांगितलं, "वरच्या फळीवरचे डबे काढते, सर."

"उत्तम. इथेही तसंच आहे. डबा वर आहे, फक्त काढायचं नाही, टाकायचं. उद्या सकाळी सहा वाजता या."

सर कसबा पेठेतून सायकलवर येतात. ते नोकरीला लागले तेव्हा कॉलेजच्या कोर्टवर प्राध्यापकांच्या स्कूटर लागायच्या, असं कँटीनवाले मामा सांगतात. सरांनी तक्रार केली नाही. त्यांनी मुलींना स्कूटरच्या मधूनच चेंडू खेळवत न्यायला शिकवलं. "या बचावपटू समजा. फाउल करत नाहीत, एवढाच फरक." आठवडाभरात प्राचार्यांच्या स्कूटरचा आरसा फुटला. प्राचार्यांनी बोलावून घेतलं तेव्हा सर म्हणाले, "मुलगी नवीन आहे, सर. अजून दोन-तीन आरशांत शिकेल." दुसऱ्या दिवसापासून कोर्ट मोकळं झालं.

एवढं करूनही आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची फायनल सरांना कधी जिंकता आली नव्हती. कारण त्यांचा एक नियम होता. प्रॅक्टिसला आली ती खेळणार. प्रत्येक मॅचमध्ये, प्रत्येक मुलगी. समोर कोणीही असो, आपण कितीही मागे असू. या नियमापायी हातातल्या फायनल गेल्या होत्या. एकदा दुसऱ्या कॉलेजचे कोच त्यांना हसत म्हणाले, "सबनीस, समाजसेवाच करायची तर संस्था काढा."

"काढली आहे," सर बाकावरच्या मुलींकडे बघत म्हणाले. "आपल्यासमोरच पाणी पितेय."

यंदा सर रिटायर होणार होते, आणि आम्ही फायनलला पोचलो. मॅच येरवड्याच्या बाजूला, दुसऱ्या एका कॉलेजच्या कोर्टवर होती. शेवटचा क्वार्टर संपत आला, आम्ही एका गुणाने मागे होतो, आणि बाकावर मी एकटीच अशी होते जी अजून खेळली नव्हती.

सरांनी टाइमआउट घेतला. आमची कॅप्टन सायली रडकुंडीला आली होती. "सर, आज नको ना, प्लीज. तुमची लास्ट मॅच आहे."

मलाही राहवलं नाही. "सर, मी नाही गेले तरी चालेल."

"आपल्याला चालेल," सर म्हणाले. "मला चालणार नाही. उठा."

मी गेले. पहिला पास माझ्या हातून सुटला. प्रेक्षकांतून कोणीतरी म्हणालं, "ताई, चेंडू गोल असतो." पण त्यांची बास्केटजवळ खेळणारी उंच सेंटर बाकावरच्या वाटणीत माझ्या वाट्याला आलेली होती. सगळी मॅच मी तिलाच बघत बसले होते. चेंडू घेतला की ती दरवेळी डावीकडे वळायची, न बघता. मी तिच्या डावीकडे जाऊन नुसती उभी राहिले. ती वळली आणि पूर्ण वेगाने माझ्यावर आदळली. मी आडवी.

उभ्या खेळाडूला धडकलं तर फाउल धडकणारीचा. तिचा तो पाचवा होता, म्हणजे ती बाहेर. चेंडू आमचा. सायलीने तो घेतला, कोर्टभर पळाली आणि टाकला. शिट्टी वाजली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो.

त्यानंतरचं मला नीट सांगता येणार नाही. आम्ही सगळ्या ओरडत होतो, रडत होतो. सायलीने सरांना कडकडून मिठी मारली. सर अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "बाक जागेवर ठेवा. लोकांचा आहे."

मग सगळ्यांनी घरी फोन लावले. जिकडेतिकडे 'आई, आम्ही जिंकलो' चाललं होतं. सर एका बाजूला हातात फोन घेऊन उभे होते. खिशात ठेवत, पुन्हा काढत. मी बाबांना लावला. आमची पिठाची गिरणी आहे, मागे तिची घरघर येत होती. मी हॅलो म्हणते तोच सर जवळ आले.

"वडील आहेत का? द्या जरा."

बाबांनी बास्केटबॉल कधी पाहिलेला नाही. सरांनी अगदी सुरुवातीपासून सुरुवात केली. "असं समजा, गिरणीत आपण धान्य ओतता ना, ते लांबून उडवून टाकायचं. आणि पाचजणी आपल्याला टाकू देत नाहीत." मग पहिला क्वार्टर, मग दुसरा. कोणी कुठून पास दिला, कोण कशी घसरली. पलीकडची गिरणी बंद झाल्याचं मला ऐकू आलं. अधूनमधून बाबांचं "मंग?" तेवढं ऐकू यायचं. सरांना इतकं बोलताना आम्ही कोणी पाहिलं नव्हतं. कपाळावरचा घामही ते पुसत नव्हते.

तिसरा क्वार्टर संपत आला आणि आमची बस आली. "बाकीचं उद्या सांगतो," म्हणून सरांनी फोन माझ्याकडे दिला आणि मुली मोजायला गेले.

"सरायच्या घरी कोनी नाही काय वं?" बाबांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. दोन वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "बाबा, ऐका तर, आम्ही..."

"थांब," बाबा म्हणाले. "कोन जिकलं ते तू नको सांगू. उद्या सरायच्याच तोंडून आयकतो."