नामालेकाच्या पाण्याची मोहीम

श्री. हकिकत लिहितो ऐसीजे. मलावी मुलुखात चिल्वा सरोवराचे काठी नामालेका म्हणोन तीनशे घरांचा गाव. तेथील बायका कोणते पाणी पितात, एवढे एक वाक्य शोधावयास विद्यावंतांच्या दोन फौजा उतरल्या, आणि मग जे रण माजले ते आम्ही, जिल्हा कचेरीत वीस वर्षे टपाल फोडणारे, देखिले ऐकिले तैसे नमूद करितो. रागलोभ धरिला नाही. थोडका धरिला असेल, तो वाचणारांनी सोसावा.

प्रसंग हलका नव्हता. मागील पावसात पटकीने गावातील सात माणसे नेली. पाणीखात्याचे मालक राजश्री गोंडवे साहेब यांजपाशी त्या उन्हाळ्यास एकच हातपंप शिल्लक, आणि मागणारी गावे दोन. नामालेकात मशिदीपुढे एक पंप पूर्वीच बसविला होता. बायका त्याचेच पाणी पीत असतील तर नवा पंप दुसरे गावी जावा, नाही तर येथे वरल्या वाडीत बसावा, ऐसा मनसुबा ठरोन शोधाचे काम विद्यापीठाकडे सोपविले.

प्रथम डॉक्टर लेव्हिसन कापलामुला साहेब, प्रश्नावलीचे बहाद्दर, मोठ्या सरंजामानिशी निघाले. दिमतीस चाळीस पुसणार, प्रत्येकाचे हाती टॅब, टॅबात दोनशे बारा प्रश्न, आणि जीपगाडीत साबणवड्यांच्या पेट्या. कारण उत्तर देईल त्यास एक वडी, ऐसा शिरस्ता. साहेबांचे मत ऐसे, की एक माणूस खोटे बोलेल, तीनशे माणसे एकच खोटे बोलणार नाहीत. नामालेका त्यांनी पाहिला नव्हता.

गावचे मुखी लिपेंगा यांस खबर आदले दिवशीच पोचली, आणि त्यांनी फर्मान सोडिले, की सर्वांनी पंपाचेच पाणी पितो म्हणावे. दिलेले वापरीत नाही ऐसे कळल्यास कचेरी पुन्हा काही देणार नाही. वास्तविक पंपाचे पाणी ऐसे खारट, की त्यात शिजविलेला न्सिमा, म्हणजे रोजचा मक्याच्या पिठाचा गोळा, तोंडात धरवेना. बायका पहाटे नदीच्या कोरड्या पात्रात खड्डे खणोन पाणी आणीत, आणि पटकीचा मुक्कामही त्याच खड्ड्यांत.

मग सत्तरी उलटलेल्या आबिती साइदी यांचे दारी एक चष्मेवाला पुसणार घामाघूम होवोन उभा राहिला.

"आजी, पंपाचं पाणी पिता का? नेहमी, बहुतेक वेळा, कधीकधी, की कधीच नाही?"

"यातल्या कुठल्याला साबण आहे, बाबा?"

"सगळ्यांनाच आहे."

"मग पहिलंच घाल. उन्हात किती उभा राहशील?"

ऐसे दोन दिवसांत तीनशे गड सर जाहले. शंभरांत सत्त्याण्णव बायका पंपाचे पाणी नेहमी पितात, ऐसा निकाल रंगीत चित्रांसह कचेरीस रवाना करोन साहेबांनी तळलेल्या मासळीवर ताव मारिला.

त्याच विद्यापीठात एनेलेसी म्वाले बाई म्हणोन दुसऱ्या पंथाच्या विदुषी. माणसांत राहिल्यावाचून माणूस कळत नाही, ऐसा यांचा बाणा, आणि प्रश्नावलीचे नाव काढिल्यास कपाळास आठी. या एक बोचके व सहा वह्या घेवोन आबिती साइदींच्या घरी पाच आठवडे मुक्कामास आल्या. मका कांडोन हातांस फोड आणिले. परंतु पहिले दोन आठवडे बायका पाहुणीच्या मानाखातर रोज पंपावरच जात, आणि बाईही वहीत तैसेच लिहीत. तिसऱ्या आठवड्यात गावाचा धीर सुटला. शेजारीण कुंपणावरून ओरडली, "आबिती, ही तुझी पाहुणी जाणार कधी? ते खारं पाणी डोक्यावर मिरवून मान गेली माझी!"

दुसरे पहाटेस सर्वजणी खड्ड्यांकडे वळल्या, आणि बाईंस सत्य गवसले. मात्र ते अकरा घरांचेच. सहा वह्यांपैकी चार तर आबिती साइदी व त्यांच्या नणंदेच्या भांडणानेच भरल्या होत्या, आणि त्या भांडणात बाई कधीच एका बाजूस जावोन बसल्या होत्या.

मग कचेरीत उभयतांची गाठ पडली.

"अकरा घरांवरून गावाचं बोलता? याला संशोधन नाही, शेजारपण म्हणतात," डॉक्टर साहेब कडाडले.

"तुमच्या तीनशे घरांनी एकच वाक्य सांगितलं, साहेब. तेही मुखींचं!"

"तुम्ही तिथं जेवता, निजता, भांडता. तुम्हाला कसलं दिसणार?"

"तुम्ही जीपमधून उतरलात तरी का?"

दोन घटिका ऐसी बाणांची वृष्टी जाहली, आणि त्यात पाणी हा शब्द एकदाही आला नाही. मग गोंडवे साहेबांचा हुकूम जाहला, की दोघांनी मिळोन जावे, कोणास काही पुसो नये, चार पहाटे बादल्या मोजाव्या, आणि एकच उत्तर आणावे; नाही तर शुक्रवारी पंप दुसरे गावी जाईल.

खड्डे कोठे हे बाईंस ठाऊक, मोजावयास माणसे साहेबांपाशी. ऐसी दोन अर्ध्या शहाणपणांची जोड निरुपायाने जमली. परंतु मुखी लिपेंगाही काही झोपले नव्हते. त्यांच्या हुकुमाने पहिल्या पहाटेस खड्डे ओस, आणि पंपापुढे बायकांची रांग. एकेक जण बादली भरी, मशिदीमागे ओती, आणि पुन्हा रांगेत येई. पुसणारांनी एका बादलीस नऊ वेळा मोजिले. डॉक्टर साहेबांची मान ताठ जाहली, बाईंच्या डोळ्यांस पाणी आले.

तेव्हा आबिती साइदी रांगेतून निघाल्या, आणि भरली बादली त्यांनी मुखींच्या पायांपुढे ठेविली.

"पी, लिपेंगा."

"आजी, लोक बघतायत. घरी बोलू."

"घरी? माझ्या घरी आतुपेले होती. पाच वर्षांची. खड्ड्याचं पाणी मीच पाजलं तिला, या हातांनी. आणि साबणवाला आला तेव्हा मीच म्हटलं, नेहमी पंपाचं पितो. तुझी अब्रू राहावी म्हणून. आता पी, नाहीतर आम्हाला आमच्या वाटेनं जाऊ दे."

मुखींनी ओंजळ भरिली, ओठांस लाविली, आणि खाली सोडिली. मग वाटेतून बाजूस जाहले. साऱ्या बायका बादल्या रित्या करोन नदीकडे चालू लागल्या. पुढील तीन पहाटे मोजणी खरी जाहली: दहांपैकी नऊ बादल्या खड्ड्यांच्या.

पंप नामालेकास मिळाला. वरल्या वाडीत दोन ठिकाणी जमीन फोडिली. पहिले ठिकाणी खारटच लागले, दुसरे ठिकाणी गोड. त्या पावसात सरोवरकाठी पटकी पुन्हा फिरली, नामालेकात कोणी दगावले नाही.

उपरांत डॉक्टर कापलामुला यांनी मोजणीच्या थोरवीवर निबंध छापिला, आणि म्वाले बाईंनी सहवासाच्या थोरवीवर. दोहोंत आबिती साइदींचा उल्लेख एक वयस्क महिला इतकाच आहे. करितां येथे लिहोन ठेवितो: नामालेकाची लढाई नामालेकाच्या बायकांनी मारिली, सरदारी आबिती साइदी यांची, राहणार खालची वाडी, नात आतुपेले. फत्ते जाहली. नोंद पक्की, शिक्का कचेरीचा, सही आमची.